रकाना नववा

मानवतच्या मोंढ्यासमोर माझं सेवा केंद्र आहे.
सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारला मोबाईल जोडून मिळेल.
लोकांचे कागद काढते मी.
स्वतःसाठी कधी काही काढलं नव्हतं.

त्या दुपारी रऊफभाई म्हणाले,
"ताई, पेला बाजूला करा, हात भाजायलाय तुमचा."
चहाचा स्टीलचा पेला मनगटाला टेकलेला,
केव्हापासून कोण जाणे.
फिकट चट्ट्यावर लाल कड उमटली होती
आणि मी कुणाचं तरी आडनाव दुरुस्त करत होते.

शटर अर्धं ओढलं.
केंद्र सरकारचं ते संकेतस्थळ उघडलं
जिथे कुणी फिरकत नाही,
कारण तिथे अनुदान मिळत नाही, नुसते आकडे मिळतात.
राज्य. जिल्हा. तालुका. ग्रामीण रुग्णालय. त्वचारोग.
लाइट गेली.
आली. पुन्हा राज्य, पुन्हा जिल्हा.

डॉ. वट्टमवार.
गावाला तिच्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक:
ती देगलूरकडची, चिडली की तेलुगूत पुटपुटते,
आणि तिची रांग सरकत नाही.
"कामून जाता तिकडं?" कौतिकाबाई म्हणायच्या,
"मेडिकलवर पंधरा रुपयांचं मलम हाय की,
दोन दिसांत खाज बंद."

तक्त्यातली बाई निराळी निघाली.
गजकर्ण, दोन हजार एकशे सहा.
खरूज, श्रावणात तीनशे बारा, भादव्यात चार.
म्हणजे ती आश्रमशाळेत गेली असणार,
पोरांच्या गोधड्या उकळायला लावल्या असणार,
मुख्याध्यापकाशी भांडली असणार.
तक्ता हे सांगत नाही. मी सांगतेय.
स्टिरॉइडचं मलम, आधीच्या वर्षी नऊशे ट्यूबा,
तिच्या वर्षी एकशे चाळीस.
गावाचा राग कुठून आला ते इथे कळलं.

एका रुग्णाला किती मिनिटं, असा रकाना सरकारने केलेला नाही.
मीच भागाकार मांडला, पावतीच्या पाठीवर.
अकरा.
माझं लग्न ठरवायला आलेले लोकसुद्धा
माझ्याकडे इतका वेळ बघत नव्हते.

मग रकाना नववा. कुष्ठरोग, नवे रुग्ण.
शून्य.
शून्य.
शून्य.
शून्य. शेरा: समाधानकारक.
आणि ती रुजू झाली त्या वर्षी सतरा.
शेरा: वाढीबाबत खुलासा मागविला.

वाटलं, बाईनेच आणला की काय रोग देगलूरहून पिशवीत घालून.
खुलासा पुढच्या पानावर होता, वाकडा स्कॅन केलेला,
वर आवक क्रमांक, खाली कुणाचीतरी आद्याक्षरं,
आणि मधे एवढंच:
रुग्ण आधीही होते.

बराच वेळ मी त्या चार शून्यांकडे बघत बसले.
किती माणसं मावली असतील त्यांत.
नावं नव्हती. नावं नसतातच.
त्या काळात माझ्याकडे दाखल्यासाठी आलेल्यांपैकी
कोण अंगठा नीट टेकवत नव्हतं,
कोणाच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हतं,
आणि मी म्हणायचे, हात पुसून या.

एक प्रिंट काढली.
सवयीने दहा रुपये गल्ल्यात टाकले.

बुधवारी रांगेत तिसावी होते.
पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, उन्हाळा असून.
आत गेल्यावर तिने नाव विचारलं नाही आधी,
हात मागितला.
"डोळे मिटा. मी जिथे हात लावेन तिथे हो म्हणा."

हो.
हो.
हो.
मग कितीतरी वेळ ती थांबली.
पंख्याची कटकट ऐकू येत होती, बाहेर एक पोर रडत होतं.
मॅडम फोनवर असतील, म्हणून मी डोळे उघडले.

कापसाची वात माझ्या मनगटावर फिरत होती.

ती काही बोलली नाही, मीही नाही.
दाराबाहेरून कुणीतरी ओरडलं,
"अहो, रांग का सरकना?"